गुडघ्याचं माप

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेते,
छाती, कंबर, मुंढा, बाहीचा घेर,
खरी कॉर्नरजवळ जिन्याखालच्या दुकानात,
पायाच्या मशीनवर.
गुडघ्याचं माप आजवर कुणी मागितलं नव्हतं.

आमच्या घरात गुडघा म्हणजे ह्यांचा.
पेठेच्या टीमचे गोलकीपर होते.
उजवा ज्या मॅचला गेला
ती मॅच अजून चौकात खेळली जाते
चहा गार होईपर्यंत.
त्या गुडघ्याला साल आहे, साक्षीदार आहेत,
समोरच्या पेठेतली माणसंसुद्धा विचारायची,
"कसा हाय आता?"

माझा डावा.
त्याला नुसती सकाळ आहे,
आणि मोरीतला नळ, उठताना धरायला.

"माझी नी-कॅप हाय की ट्रंकेत, ती घाल."
घातली.
मशीनवर बसले की पोटरीवर येऊन बसायची
मोज्यासारखी.
इलॅस्टिक मेलं की काय होतं
हे मला कुणी शिकवायला नको.

शेवटी सीपीआरच्या मागं, मुजावर सर्जिकलमध्ये.
काउंटरला तय्यबा, कानामागं पेन.
म्हटलं, गुडघ्याचा पट्टा दे. चांगला दे.
"चांगला असा नसतोय मावशी.
दुखतंय कुठं?"
मी हात गोल फिरवला. सगळीकडंच.
"तसं न्हाई. एक बोट ठेवा."

एक बोट.
साडीवरून ते चाचपडत गेलं
वाटीला वळसा घालून
आतल्या बाजूला एका जागी थांबलं.
एवढीशीच जागा होती. हुकाएवढी.

"चढताना का उतरताना?"
उतरताना.
"सूज?"
संध्याकाळी.
"मधीच निसटतोय का? दगा देतोय?"

मी जरा वेळ गप्प राहिले.
दुखला, म्हटलं, पण दगा न्हाई दिला.
त्याच्या बाजूनं मी पहिल्यांदाच बोलत होते.

तिनं काचेवर एकेक मांडला.
एक नुसती नळी, बिनकफाच्या बाहीसारखी,
ऊब देणारी, थोडी धरणारी.
एकाला वाटीपुरतं गोल भोक, कडेला शिवण दुहेरी.
एक बोटभर पट्टा, वाटीच्या खाली बांधायचा,
उड्या मारणाऱ्यांसाठी.
आणि एक बिजागऱ्यांचा,
दोन्ही बाजूंना सळ्या, कपाटाच्या दारासारखा.

मी बिजागऱ्यांचा उचलला.
महाग होता.
महाग म्हणजे टिकाऊ, असं गिऱ्हाईक म्हणतं
तेव्हा मी मान खाली घालून हसते.
तय्यबानं तो माझ्या हातातून काढून घेतला.
"दगा देत न्हाई म्हणालासा न्हवं? मग ह्यो कशाला?
ह्यो निसटणाऱ्याचा. तुमाला नळी बास."

तिनं टेप काढली.
थांब पोरी, म्हटलं, मापं मी घेतो, तू लिही.
उभ्यानं, पाय सैल सोडून.
वाटीच्या मध्यावर साडेपंधरा.
चार बोटं वर, अठरा.
टेपेच्या आत एक बोट राहू दिलं,
ब्लाउजला ठेवते तसं.
ती बघत राहिली. "बरोबर हाय," म्हणाली,
"घट्ट बसला तर मुंग्या येत्यात.
झोपताना काढायचा.
आन् डॉक्टरनं सांगितलेला यायाम चुकवायचा न्हाई,
टॉवेल गुडघ्याखाली, दाबून धरायचं.
पट्टा काय मांडीत जोर भरत न्हाई."

दोन दिवस घातला.
नळी बरी, पण वरचा वेल्क्रो परकराला धरायचा,
चालताना कुरकुर.
रात्री दुकान बंद करून
त्याच्या कडेला उरलेल्या अस्तराची पट्टी मारली,
बारीक टाक्यानं.
पावतीत नसलेलं काम.

हे बघत बसले होते.
"कुठला गं? डावा?"
डावा.
"कवापासनं?"
मी दातानं दोरा तोडला.

मग त्यांना उभं केलं, लुंगी वर धरायला लावली,
उजव्याचंही माप घेतलं, म्हटलं असू दे वहीत.
वाटीच्या मध्यावर चौदा भरला.
माझ्यापेक्षा दीड इंच कमी.

चौकात सांगणार नाही.